डोळा आला

‘आय हॅज कम.’ हे इंग्रजीतले तीन शब्द मी एका शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एका छापील कागदावर लिहिले. ते का लिहिले, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला मी त्या नोकरीबद्दल एवढंच सांगितलं होतं की काम कागदपत्रांचं आहे आणि एसी आहे.

त्याआधी मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये होतो. टाइम ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला. कामगार आपला पितळी बिल्ला खिडकीतून आत सरकवायचा, मी हजेरी लावायचो. आमचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, वडील शिक्षण खात्यात, आणि मी मिलमध्ये, म्हणजे घराण्याचं अक्षर चांगलं आणि वरचा साहेब दर पिढीत वेगळा. मिल बंद झाली तेव्हा काही दिवस आम्ही बाबू लोक तरीही रोज जाऊन बसायचो. हजेरी लावायला कुणी नव्हतं. मग तेही बंद झालं.

त्याच सुमारास शहरात काचेच्या दारांची नवी दुकानं, बँका आणि दवाखाने निघत होते. अशाच एका डोळ्यांच्या दवाखान्यात परदेशी लेझर मशीन आलं होतं. चष्मा उतरवायचं मशीन. लोक नुसतं बघायलाही यायचे. तिथे मला नोकरी मिळाली, कारण मला इंग्रजी लिहिता येत होतं आणि मराठी, हिंदी, माळवी समजत होती. दवाखान्यात एका औषध कंपनीची चाचणी चालणार होती. लेझरने डोळ्याच्या बुबुळावरची वरची साल काढून ऑपरेशन करतात. ती साल चार-पाच दिवसांत पुन्हा भरून येते आणि तोवर डोळा दुखतो, झोंबतो, उजेड सहन होत नाही. ही साल लवकर भरावी म्हणून कंपनीने थेंब काढले होते. ते खरंच काम करतात का, हे बघायचं होतं. अर्ध्या बाटल्यांत औषध, अर्ध्यांत नुसतं मिठाचं पाणी. बाटलीवर फक्त नंबर. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. जो चाचणीत नाव देईल त्याचं ऑपरेशन फुकट, आधी एक डोळा, तो बरा झाला की दुसरा.

माझं काम रुग्णांकडून रोज हालहवाल घ्यायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर एक चौकट होती. ‘रुग्णाचे शब्द, जसेच्या तसे’. पण इंग्रजीत. ही चौकट मी फार मन लावून भरायचो. एका बाईंनी सांगितलं, ‘जीव घाबरा होतो,’ तर मी लिहिलं की माझा प्राण घाबरला आहे. एक जण म्हणाला, ‘डोक्याला ताप झालाय,’ ते मी लिहिलं डोक्याला ज्वर. कागद तपासायला महिन्यातून एकदा कंपनीच्या मॉनिटर मॅडम विमानाने यायच्या. दक्षिणेकडच्या होत्या, त्यांना ना हिंदी येत होती ना मराठी. त्यांना माझी भाषांतरं आवडायची. तुमच्याकडे लोक फार काव्यमय बोलतात, असं त्या एकदा म्हणाल्या. मी हो म्हटलं.

पण एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. पहिल्या दोन महिन्यांत दोन रुग्णांचे डोळे लाल झाले, चिपडं धरली. तेव्हा मी काव्य केलं नव्हतं. लाली, स्राव, वेदना, असं सरळ दवाखान्याच्या इंग्रजीत लिहिलं होतं आणि उठून आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं होतं. नियमच तसा होता. लाली दिसली की त्याच दिवशी रुग्णाला बोलवा, थेंब बंद करा, दुसरं औषध सुरू करा. दोघेही बरे झाले. पण कंपनीचं पत्र आलं की तिसरा असा निघाला तर चौकशी होईपर्यंत या केंद्रात नवीन माणूस घ्यायचा नाही. डॉक्टरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि हसत म्हणाले, ‘‘भिया, अब तीसरा मत लाना.’’

गंमत होती. मी ती आदेश म्हणून घेतली, कारण मला तशी सवय होती. माझी नोकरी चाचणी चालू असेपर्यंतच होती, हेही होतं.

त्यानंतर महिन्याभराने दवाखान्याच्या खिडकीशी एक मोठा आवाज आला.

‘‘जय भीम, बाबूजी! अरे, तुम्ही इथे?’’

आमच्या मिलमधले विणकर. वीस-बावीस वर्षं त्यांचा बिल्ला माझ्या हातातून गेला होता. मला त्यांचा नंबर पाठ होता. ते मिलमध्येही रोज जय भीम म्हणायचे आणि मी नमस्कार म्हणायचो. त्यांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. त्या दिवशीही मी नमस्कार काका म्हटलं.

काका मोठ्याने बोलत, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. साचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकदम चालतात तिथे, जन्म काढलेल्या माणसांचं असंच होतं. ते एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात आणि स्वतः बोलताना एकाच पट्टीत ओरडतात. लग्नाचं आमंत्रण असो की मयताचा निरोप, आवाज तोच. चारचौघांत ते ऐकलं की माणूस आनंदाची बातमी देतोय असं वाटतं.

सोबत त्यांची मुलगी होती. पंचविशीची, जाड भिंगांचा चष्मा, बी.ए. झालेली. पोलिसातल्या भरतीची लेखी परीक्षा पास झाली होती. मैदानावरचं धावणंही झालं होतं. राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी, चार महिन्यांनी. त्यात चष्म्याशिवाय, एकेका डोळ्याने, तक्त्यावरची ठरलेली ओळ वाचून दाखवायची होती. चष्मा काढला की तिला तक्ता दिसत नव्हता, ओळ तर लांबची गोष्ट. काकांचे वडील महूला फौजेत होते. काका म्हणाले, ‘‘माझ्या बापाने वर्दी घातली, मी कापड विणलं, आता ही पुन्हा वर्दी घालणार. मध्ये माझाच एक धागा तुटला होता, बाबूजी!’’

‘‘बाबा, हळू बोला, दवाखाना आहे,’’ मुलगी म्हणाली.

‘‘मी हळूच बोलतोय.’’

मी त्यांना चाचणी समजावून सांगितली, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश. काकांनी सगळं ऐकलं, म्हणजे बघितलं. मग म्हणाले, ‘‘ट्रायल माहीत आहे मला. आपल्या खात्यात एक नवा साचा ट्रायलवर आला होता. महिनाभर धागे तोडले आणि गेला परत. पण बाबूजी, साचा परत जातो. डोळा कुठे परत जाणार?’’

‘‘काका, ऑपरेशन सगळ्यांचं सारखंच. ट्रायल फक्त थेंबांची.’’

‘‘आणि आमच्या वाट्याला पाण्याची बाटली आली तर?’’

‘‘तरी डोळा बरा होतोच. एखाद दिवस जास्त लागतो.’’

‘‘तुम्ही सांगताय ना?’’

‘‘मी सांगतोय.’’

मुलीने सही केली. सही करण्यापूर्वी तिने सगळी पानं वाचली. तेवढ्या रुग्णांत पानं वाचणारी ती एकटी. तिने विचारलं, ‘‘दादा, इथे लिहिलंय की त्रास झाला तर लगेच फोन करा. फोन कोण घेतं?’’

‘‘मी घेतो.’’

‘‘मग ठीक आहे,’’ ती म्हणाली.

गुरुवारी उजवा डोळा झाला. शुक्रवारी तपासला, छान होता. बुबुळावर पट्टीसारखी ठेवलेली पातळ लेन्स मंगळवारी काढायची होती. तोवर घरी अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे.

शनिवारी सकाळी फोन वाजला. काका पीसीओवरून बोलत होते.

‘‘बाबूजी! डोळा आला! पोरीचा डोळा आलाय!’’

इतक्या जोरात की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला. मागे कुणीतरी म्हणालं, ‘‘काका, काच फुटेल.’’

‘‘काल रात्रीपासून आलाय. चिकटतोय. आता घेऊन येऊ का तिला?’’

मराठी माणसाला ‘डोळा आला’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. डोळा लाल झाला, सुजला, चिपडं धरली. माझे स्वतःचे डोळे लहानपणी दर उन्हाळ्यात यायचे. मला अर्थ कळला नाही असं एक क्षणभरही झालं नाही.

मला एवढंच दिसलं की हा तिसरा.

डॉक्टर आत होते, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. दार उघडंच होतं. मी रिसीव्हरमध्ये म्हणालो, ‘‘मंगळवारची तारीख आहे ना, तेव्हाच आणा. थेंब चालू ठेवा.’’

‘‘काय?’’

‘‘मंगळवारी!’’

‘‘ऐकू येत नाही, थांबा, याला देतो.’’ पीसीओवाला फोनवर आला. मी त्याला सांगितलं, त्याने काकांना सांगितलं: ‘‘काका, मंगल को बुला रहे हैं. दवाई चालू रखो.’’ मागून काकांचा आवाज आला, ‘‘अच्छा, अच्छा. बाबूजी बोलतायत तर ठीक आहे.’’

मग मी फॉर्म काढला. रुग्णाचे शब्द, जसेच्या तसे. आय हॅज कम. लिहून झाल्यावर मी ते वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. शब्दाला शब्द होता. पुढच्या चौकटीत लिहिलं, ठरलेल्या तारखेला येण्यास सांगितले. संध्याकाळी डॉक्टर सह्या करायला बसले, त्या कागदावर त्यांची नजर गेली. ‘‘ठीक?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘ठीक.’’ त्यांनी सही केली.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ते मुलीसाठी केलं. तिसरी केस झाली असती तर तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट झालं नसतं, भरती गेली असती. हे कारण चांगलं आहे, पण ते मला बुधवारी सुचलं. शनिवारी नव्हतं.

मंगळवारी काका तिला हाताला धरून घेऊन आले. तिने डोळ्यावर घडी घातलेला रुमाल धरला होता. डॉक्टरांनी रुमाल काढला आणि हात धुवायला गेले. बुबुळावर पांढरट डाग धरला होता, बाजरीच्या दाण्याएवढा. लेन्स काढली, थेंब बंद केले, तासातासाला घालायचं दुसरं औषध सुरू केलं. मग डॉक्टर फाइल घेऊन खुर्चीत बसले. मी शेजारी उभा होतो, काका समोर, मुलगी डोळे मिटून तपासणीच्या खुर्चीत.

‘‘कब से है ये? फोन नहीं किया?’’ डॉक्टरांनी विचारलं. पण विचारताना ते फाइलमध्ये बघत होते. त्यांची मान खाली होती, त्यामुळे काकांना त्यांचे ओठ दिसत नव्हते. काकांना दिसत नाहीये, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, ‘‘फोन आया था सर, शनिवार को. बोले, आंख ठीक आ गई. मुझे लगा, नजर की बात कर रहे हैं.’’

डॉक्टरांनी कागद पाहिला. खाली त्यांची स्वतःची सही होती. मग त्यांनी मान वर केली आणि काकांकडे बघून मोठ्याने म्हणाले, ‘‘काका, साफ-साफ बताना चाहिए था ना! तीन दिन निकल गए!’’

हे काकांना कळलं. ‘‘बताया था साहब,’’ ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी फॉर्मवर तारीख टाकत होतो.

काकांनी नजर डॉक्टरांकडे वळवली. मग म्हणाले, ‘‘नहीं तो मेरे ही बोलने में गड़बड़ हुई होगी. कान का ठिकाना नहीं है, साहब.’’

खुर्चीतून मुलीचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. ‘‘बाबा, तुम्ही फोनवर नेमकं काय बोललात?’’

काकांना ते ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

डोळा वाचला. पण डाग विरला नाही, आणि आपल्याकडे म्हणतात तसं बुबुळात फूल पडलं, अगदी मधोमध. त्या डोळ्याने तिला सगळं दिसे, पण तेल लागलेल्या काचेतून दिसावं तसं. डावा डोळा डॉक्टरांनी पुढे फुकट करून दिला. तो उत्तम झाला. तपासणीच्या दिवशी तिने डाव्या डोळ्याने तक्ता खालपर्यंत वाचला. उजव्याने पहिल्या तीन ओळी. तिला घरी पाठवलं.

मॉनिटर मॅडम आल्या तेव्हा त्यांनी सगळे कागद काढले. नोंद अशी होती की मंगळवारी ठरलेल्या भेटीत संसर्ग आढळला आणि त्याच दिवशी उपचार सुरू झाले. त्या शनिवारच्या कागदापाशी थांबल्या. हिरव्या पेनाने त्या तीन शब्दांखाली रेघ ओढली आणि मला विचारलं, याचा अर्थ काय? दृष्टी सुधारली असा?

मी म्हणालो, आमच्याकडे असं बोलतात.

त्यांनी समासात लिहिलं, सुधारणा. तिसरी केस म्हणून केंद्रात नवीन रुग्ण घेणं थांबलंच, चौकशी झाली, दोष सापडला नाही, महिन्याभराने काम पुन्हा सुरू झालं. माझी नोकरी गेली नाही. म्हणजे शनिवारी मी खरं लिहिलं असतं तरी केंद्राचं हेच सगळं झालं असतं, फक्त तीन दिवस आधी. मी जे वाचवलं ते एवढंच, तीन दिवस.

तिच्या बाटलीत औषध होतं की मिठाचं पाणी, ते मला आजही माहीत नाही. एके काळी मी त्याचा फार विचार करायचो. पाणी असेल तर औषधाचा दोष नाही, औषध असेल तर माझा कमी, असा काहीतरी हिशेब. दोन्हीकडून तो जमत नाही. शनिवार दोन्हीत येतो.

इथपर्यंतचं मी अजूनही भीतीच्या खात्यात टाकू शकतो. पुढचं टाकता येत नाही.

तपासणीत ती नापास झाल्यावर आठ-दहा दिवसांनी काका एकटेच दवाखान्यात आले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. किंवा त्यांना तसं वाटत असावं.

‘‘बाबूजी, तुमच्यावर काही आलं नाही ना आमच्यामुळे? साहेब तुम्हाला काही बोलले नाहीत?’’

‘‘नाही काका.’’

‘‘बरं झालं. पोरगी विचारते, तुम्ही फोनवर काय बोललात. रोज नाही विचारत. पण जेवायला बसली की बघते माझ्याकडे. मला वाटतं मी डोळा आला असंच म्हणालो. पण बाबूजी, माझं असं झालंय की मला माझं बोललेलंही नीट ऐकू येत नाही. पीसीओवाल्याला विचारायला गेलो तर तो दुकान विकून गेला. तुम्हाला आठवतंय का? मी काय बोललो होतो?’’

ते माझ्या ओठांकडे बघत होते. साचेखात्यातला माणूस बघतो तसे, डोळे न हलवता.

मी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट उच्चारून म्हणालो, ‘‘आठवत नाही, काका.’’

‘‘हो. किती फोन येत असतील तुम्हाला,’’ ते म्हणाले. जाताना त्यांनी नेहमीसारखं जय भीम म्हटलं. मी मान हलवली.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. चाचणी संपली, मी दुसऱ्या दवाखान्यात लागलो, मग तिसऱ्या. आता शहरात चष्मा उतरवायची इतकी मशीनं आहेत की कुणी बघायला येत नाही. मी अजून फॉर्म भरतो, आता कॉम्प्युटरवर. रुग्णाच्या शब्दांची चौकट आताही असते. तिच्यात मी रुग्णाचं बोलणं तसंच, देवनागरीत टाकतो आणि अर्थ खाली वेगळा लिहितो. नव्या पोरांना ते उगीचचं काम वाटतं.

मध्ये एकदा इथल्या लालबागेच्या जत्रेत ती भेटली. मी ओळखलं नव्हतं, तिनेच हाक मारली, ‘‘दादा, ओळखलं का?’’ चष्मा नव्हता. समोर बघताना ती मान किंचित उजवीकडे वळवायची, डावा डोळा पुढे यावा म्हणून. महूच्या एका शाळेत शिकवते म्हणाली. सोबत तिची मुलगी होती, आकाशपाळण्याच्या रांगेत घुसायला धडपडत होती.

मी काकांची चौकशी केली.

‘‘बाबा गेले की. दोन वर्षं होतील.’’ मग ती आपणहून म्हणाली, ‘‘दादा, मी त्यांच्याशी फार वाईट वागले हो. पोलिसाचं राहिलं त्यानंतर तीन वर्षं नीट बोललेच नाही मी. एकदा तर मीच त्यांना म्हणाले, तुम्हाला एक फोन धड करता आला नाही. ते बिचारे म्हणायचे, मी सांगितलं होतं गं, मला वाटतं मी सांगितलं होतं. शेवटी शेवटी तेही म्हणेनासे झाले. कान गेलेल्या माणसाला फोनला पाठवलं, चूक माझीच, मी स्वतः जायला हवं होतं.’’

मी तिथे उभा होतो. आजूबाजूला भोंगे वाजत होते, पण तिचं सगळं मला नीट ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.

‘‘तुम्ही तरी चांगलं बोलायचात त्यांच्याशी,’’ ती म्हणाली. ‘‘तोंड समोर करून. बाबा म्हणायचे, तो बाबूजी एकटाच मला कळेल असं बोलतो.’’

तेवढ्यात तिच्या मुलीचा नंबर लागला आणि ती गेली.

त्या गोष्टीलाही आता वर्षं झाली. शाळा मला माहीत आहे. इंदूरहून महूला बस दर थोड्या वेळाने असते, मी दोनदा त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेलेलो आहे. दोन्ही वेळा शाळा चालू होती, म्हणजे ती आत होती, आणि दोन्ही वेळा मी परत आलो.

हे इथे छापून आलं म्हणजे तिला सांगितलं, असं होत नाही. ती हे वाचेलच असं नाही, आणि वाचलं तरी नावं नसल्यामुळे कदाचित तिला ते आपलं वाटणारही नाही. काकांना जे द्यायचं होतं ते देण्याची वेळ गेली. तिचं राहिलं आहे. तिच्या वडिलांनी शनिवारी सकाळी, वेळेवर, बरोबर शब्दांत सांगितलं होतं आणि मला ते पूर्ण कळलं होतं. हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडाने तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.